जुन्या विळ्या, सुऱ्या, पाट जमवणारं कोणी आहे का इथे?

शर्वरी_वाई
गेल्या वर्षी वाईला आत्याचं घर आवरायला गेले होते. माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली एक विळी सापडली. पाट सागवानी, पण जिथे पाऊल टेकायचं तिथे बशीसारखा खोलगट झालेला. पातं निसून निसून चंद्रकोरीएवढं उरलंय. खवणीचे दात मात्र सगळे शाबूत. आत्या ८१ वर्षांची आहे. तिने हातात घेऊन पाटावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "ही तुझ्या पणजीची. हिच्यावर बसूनच मी चिरायला शिकले."

तिथून मला नादच लागला. आज माझ्याकडे १७ विळ्या, ९ अडकित्ते, ६ हाताने घडवलेल्या सुऱ्या आणि चिरायच्या दोन जाड फळ्या आहेत. काही नातेवाइकांकडून आल्या, काही पुण्याच्या जुन्या बाजारातून, तीन तर भंगारवाल्याच्या हातगाडीवरून. त्याने त्या किलोच्या भावाने घेतल्या होत्या आणि मला किलोच्याच भावाने दिल्या. ज्या वस्तूवर चार पिढ्या जेवल्या ती वजनावर जाते याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून प्रत्येकीची वहीत नोंद करते : कुठून आली, कोणाची, काय चिरलं जायचं.

आता अडचणी. पणजीच्या विळीचा गंज काढावा की तसाच ठेवावा? आणि फोटो कसे काढायचे? पात्याचा फोटो काढला की त्यात माझा मोबाईल आणि छताचा पंखाच दिसतो. शिवाय नवं, हाताने घडवलेलं पातं आज कोण करून देतं? ज्यांना ठाऊक असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

तात्या_मिरजकर
आधी फोटो टाका, मग प्रश्न विचारा! पंख्यासकट चालेल.

सायली_वसई
आमच्याकडे हिला मोरली म्हणतात. शर्वरी, तुझ्या वहीत नावांचाही एक रकाना ठेव. देशावर विळी, आमच्याकडे मोरली, गोव्यात आदोळी. प्रत्येक गावी आकारही थोडा वेगळा असतो. आमच्या मोरलीचं पातं उंच आणि रुंद, कारण त्यावर मासळी कापायची असते. बाजारात कोळीण सुरमईच्या तुकड्या पाडते तेव्हा नीट बघ. मासा दोन्ही हातांत धरलेला असतो, पातं जागचं हलत नाही, मासा पात्यावर जातो. सुरीत हात हलतो, विळीत जिन्नस हलतो. सगळा फरक इथेच आहे.

नचिकेत_कोलकाता
सायलीताईंना पूर्ण अनुमोदन. नोकरीमुळे बारा वर्षं कोलकात्यात आहे. इथे हिला बोटी म्हणतात आणि पारंपरिक बंगाली घरात दोन असतात : माशाची आंश बोटी वेगळी आणि शाकाहारी वेगळी. ओडिशात पनिकी, तमिळमध्ये अरिवामनै, तेलुगूत कत्तिपीट. काही बोट्यांना मागे पितळेची नक्षी असते. माझ्याकडे दोन आहेत. एकीवर मी रोज भोपळा चिरतो आणि शेजारच्या काकूंनी मला खास शिकवलं की भोपळ्याची पाठ पात्याकडे करायची नाही.

तात्या_मिरजकर
म्हणजे विळ्याभोपळ्याचं सख्य कोलकात्यात जमलं म्हणायचं.

घणघणाट
मी धातूच्या कारखान्यात २६ वर्षं काढली, आता निवृत्त. गंजाबद्दल सांगतो.

गंज दोन तऱ्हेचा दिसतो. लाल-नारिंगी, जो बोटाला लागतो, तो लोखंड खातो. तो काढाच. दुसरा काळपट-करडा थर, गुळगुळीत, घट्ट बसलेला. तो वर्षानुवर्षं कांदा, कैरी, चिंच, लिंबू यांच्या आंबटाने आणि पुसून ठेवण्याने तयार होतो. तो पात्याचं रक्षण करतो. तो घासून टाकलात तर पातं नवं दिसेल, पण त्याचं वय जाईल आणि लाल गंज पुन्हा लवकर चढेल.

कृती : रॉकेल किंवा साधं मशीनचं तेल लावून रात्रभर ठेवा. सकाळी जुन्या सुती फडक्याने आणि अगदी बारीक स्टीलवूलने, तेल राखून, एकाच दिशेने पुसा. लाल जाईल, काळं राहील. जिथे शंका येईल तिथे थांबा. चिंचेच्या कोळात बुडवून ठेवायचा सल्ला अनेक जण देतील. चिंच गंज काढते हे खरं, पण ती लाल-काळं असा भेद करत नाही. तासभर विसरलात तर पातं फटफटीत करडं होऊन बाहेर येईल. पुन्हा वापरायचं असेल तर शेवटी साबणाने धुऊन, कोरडं करून खोबरेल तेलाचा हात फिरवा.

अजून एक. जुन्या काही पात्यांत अंग मऊ लोखंडाचं आणि फक्त धारेला पोलादाची पट्टी तापवून, ठोकून जोडलेली असते. पोलाद तेव्हा महाग होतं, म्हणून जिथे लागतं तिथेच घातलं. पातं तिरप्या उजेडात धरलंत तर धारेपासून थोडं वर एक अंधूक, नागमोडी रेघ दिसते. ती दिसली तर मला जरूर कळवा.

शर्वरी_वाई
घणघणाट काका, दिसली! पणजीच्या विळीवर नाही, पण भंगारातल्या एका सुरीवर अगदी तुम्ही म्हणता तशी. धारेच्या बाजूला जरा गडद, वर फिकट. मी इतके दिवस तिला डाग समजत होते.

घणघणाट
तो डाग नव्हे, ती कोण्या लोहाराच्या दिवसभराच्या मेहनतीची सही आहे. ती सुरी कोणालाही घासायला देऊ नका.

ओजस_साकाई
जपानातून लिहितोय. मी ओसाकाजवळ साकाई गावात राहतो. हे गाव सुऱ्यांचंच. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर तंबाखू आली, ती बारीक कातरायला सुऱ्या लागल्या आणि साकाईचे लोहार त्यात इतके निपुण झाले की पुढे तोकुगावा राजवटीने त्यांच्या सुऱ्यांवर खास शिक्का मारायची परवानगी दिली.

काकांनी वर जे सांगितलं, मऊ अंग आणि कडक धार, तीच इथली पद्धत. पोलाद शिमाने प्रांतातल्या यासुगीहून येतं. ज्या कागदात गुंडाळून येतं त्याच्या रंगावरून नाव : पांढरं म्हणजे शिरोगामी, निळं म्हणजे आओगामी. पोलाद निळं नसतं, कागद निळा! आणि एक सुरी एक माणूस करत नाही. घडवणारा वेगळा, धार काढणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. मी एका धारवाल्याकडे तासभर बसलो होतो. पातं लाकडी पट्टीला बसवून तो पूर्ण अंग पुढे-मागे झुलवत होता आणि दर चार-पाच फेऱ्यांनी थांबून, पातं उजेडाला धरून, त्यात खिडकीची चौकट सरळ दिसते का ते पाहत होता. शर्वरी, तुला नको असलेलं ते प्रतिबिंबच त्याचं मोजमाप आहे.

माझ्याकडे इथल्या चार सुऱ्या आहेत. पाचवी वस्तू आजोळची विळी, जी विमानात सामानाबरोबर आली. तिच्यावर नारळ खवताना पाहून शेजारच्या आजी दोनदा येऊन बसल्या.

डावखुरी
ओजस, एक विचारायचं होतं. जपानी सुऱ्या डावखुऱ्यांना चालतात का? मी एक हौसेने घेतली, पण टोमॅटोची चकती सरळ येतच नाही. सुरी आपोआप एका बाजूला ओढली जाते.

ओजस_साकाई
तुमची सुरी एका बाजूनेच घासलेली असणार. यानागिबा, देबा या पारंपरिक सुऱ्यांची धार एकाच अंगाने तिरपी असते, उजव्या हातासाठी. डाव्या हातासाठी वेगळी घडवून घ्यावी लागते आणि ती महाग पडते. सांतोकू किंवा ग्युतो घ्या, त्यांना बहुधा दोन्ही अंगांनी धार असते.

डावखुरी
आत्ता कळलं, धन्यवाद! विळीवर मला कधीच त्रास झाला नाही. सासूबाई उजवा पाय टेकवतात, मी डावा टेकवते. एकच विळी दोघींना चालते. लहानपणापासून कात्री, डाव, खिडकीच्या कड्या सगळं उजव्यांसाठी असतं. विळीनेच मला कधी वेगळं पाडलं नाही.

मंदाकिनी७२
सगळं वाचतेय, छान वाटतंय, पण थोडा विरोध नोंदवते. संग्रह, फोटो ठीक, पण विळी भिंतीवर टांगली की संपली. माझं वय ७२. गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही, तर मुलाने ओट्याला शिकंजाने लावायची विळी आणून दिली. उभ्याने सगळं होतं. गवारीच्या शेंगा मुठीत धरून पात्यावर सरकवल्या की मिनिटभरात वाटीभर चिरून होतात. सुरीने ते होत नाही. आणि काकडी चोचवायची असेल तर? हातात सोललेली काकडी धरून तिच्या डोक्यावर उभे-आडवे टोचे मारायचे आणि मग पात्यावर पातळ काप घ्यायचा. खमंग काकडीला जी चव असते ती त्या चोचवण्याची असते. किसलेल्या काकडीला पाणी सुटतं, चोचवलेलीला दाताखाली कुरकुर राहते.

विळी गेली ती ओटा आला म्हणून. स्वयंपाक उभ्याने सुरू झाला, विळी जमिनीवरच राहिली.

शर्वरी_वाई
मंदाकिनीताई, मी सतरापैकी पाच आलटून पालटून वापरते. बाकीच्यांचे पाट इतके कुजलेत की भार सोसणार नाहीत. त्यांच्यासाठी तर फोटो आणि नोंद एवढंच उरतं.

रंधा_आणि_पटाशी
पाटांबद्दल आणि फळ्यांबद्दल मी बोलू शकतो. सावंतवाडीजवळ सुतारकाम करतो, गेली सात वर्षं चिरायच्या फळ्याही करतो.

पाट कुजला असेल तर फेकू नका. ज्या भोकात पात्याचा दांडा बसतो तिथे पाणी मुरतं, तिथूनच सुरुवात होते. तेवढा भाग कोरून त्याच जातीच्या लाकडाचं ठिगळ बसवता येतं. पावलाचा खोलगटपणा मात्र रंध्याने सपाट करायला कोणी सुचवलं तर ऐकू नका. गेल्या वर्षी एकाने पाट 'नवाकोरा करून द्या' म्हणून आणला. मी पाट परत दिला, काम घेतलं नाही.

फळीसाठी लाकूड कोणतं? सगळे सागवान मागतात. साग पाण्याला टिकतो हे खरं, पण त्यात वाळूसारखी सिलिका असते. माझी पटाशी सागावर लवकर बोथट होते, मग तुमची सुरीही होणारच. चिंच घट्ट, चिवट. खाटकाच्या दुकानातला ओंडका चिंचेचा असतो तो उगाच नाही, घाव सोसतो आणि त्याचा भुगा पडत नाही. बाभूळ चांगली. आंबा स्वस्त आहे पण ओल धरतो, नीट वाळवलेला नसेल तर वाकतो. मी स्वतः चिंच आणि फणस वापरतो. फणसाचा पिवळा रंग वर्षभरात मधासारखा गडद होतो, ते बघायला मला अजूनही आवडतं.

जमलं तर ज्या फळीत लाकडाची नळकांडी वर तोंड करून उभी असतात, म्हणजे झाडाचा आडवा छेद वर दिसतो, ती घ्या. सुरीची धार त्या तंतूंच्या मधे शिरते आणि तंतू पुन्हा मिटतात. आडव्या तंतूंवर ती प्रत्येक वेळी तंतू कापते. म्हणून उभ्या तंतूंच्या फळीवर ओरखडे कमी दिसतात आणि धारही जास्त टिकते. करायला दुप्पट वेळ लागतो, त्यामुळे किंमतही जास्त.

तेल शेंगदाण्याचं लावू नका, खवट वास येतो. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं, ते कोमट करून चोळा, रात्रभर मुरू द्या. त्यात थोडं मधमाशांचं मेण वितळवून घातलं तर पाणी थेंब होऊन वर राहतं.

डॉ_अनुया
लाकडी फळी अस्वच्छ असते, प्लास्टिकची वापरा, असं आम्हालाही शिकवलं गेलं होतं. पण १९९० च्या दशकात अमेरिकेत डीन क्लिव्हर आणि सहकाऱ्यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात तपासलं. लाकडावर टाकलेले जंतू आत शोषले जातात, तिथे वाढत नाहीत आणि हळूहळू मरतात. उलट चरे पडलेल्या प्लास्टिकच्या फळीत ते चऱ्यांत दडून राहतात आणि हाताने धुऊन सहज जात नाहीत. अर्थात याचा अर्थ लाकडी फळी धुवायची नाही असा नव्हे. कच्चं मांस-मासे आणि कोशिंबीर यांना वेगळ्या फळ्या ठेवाच, आणि धुतल्यावर फळी भिंतीला उभी टेकवून दोन्ही बाजूंनी वाळवा.

तात्या_मिरजकर
फळ्या, जंतू, पोलाद, सगळं झालं. आता अडकित्त्यांवर कोणीतरी लिहा. आमच्या वडिलांचा रोठा सुपारी कातरण्याचा आवाज अजून कानात आहे. आधी कट्, मग जेवण झाल्याची शांतता.

पेठेतला_वासू
अडकित्ते पाहायचे तर पुण्यात बाजीराव रस्त्याला राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. मोर, पोपट, घोडा, जोडपी अशा आकारांचे अडकित्ते एका ठिकाणी बघायला मिळतात. दिनकर गंगाधर केळकर हे 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला लागले आणि पुढे अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं. २० हजारांवर वस्तू आहेत, त्यातल्या सुमारे अडीच हजारच मांडलेल्या दिसतात. दिवे, कुलपं, स्वयंपाकाची भांडी. एका माणसाने घराघरांतून हे गोळा केलं नसतं तर आज ते वितळून गेलं असतं. शर्वरी, तुझी वही त्याच वाटेवरची आहे, नेट धर.

कधी गुजरातेत गेलीस तर जामनगरची सूडी पाहा. सूडी म्हणजे अडकित्ताच. कच्छात अंजारला आणि भुजजवळच्या रेहा गावातही सूडी, चाकू, कात्र्या हाताने करणारे कारागीर आहेत. माझ्याकडे रेह्याचा एक चाकू आहे, पितळी मुठीचा, बारा वर्षांत मूठ हललेली नाही.

राधिका_नगर
नव्या पात्यांबद्दल माझा अनुभव लिहिते. आमच्या तालुक्याच्या आठवडी बाजारात घिसाडी बसतात. बाई भाता मारते, नवरा सांडशीत पातं धरून ठोकतो, मोठा मुलगा समोरून घण घालतो. त्या तिघांची लय चुकत नाही. मी ट्रकच्या स्प्रिंगपाट्याचा तुकडा घेऊन गेले होते, तेही बहुधा त्याच पोलादातून घडवतात. दादांनी विचारलं, "काय चिरायचं, ताई?" म्हटलं, "पालेभाजी, कांदा." तर म्हणाले, "मग जाड नको, पाठ अंगठ्याच्या नखाएवढी बस." पाऊण तासात सुरी तयार. पाणी द्यायच्या, म्हणजे तापलेलं पातं एकदम थंड करून कडक करायच्या वेळी पातं लालभडक झालं तेव्हा त्यांनी मुलाला बाजूला केलं आणि स्वतः उठून सावलीत नेलं. उन्हात रंग कळत नाही म्हणाले. मग पाण्यात तिरपं घातलं आणि चर्र आवाजाबरोबर सगळे एकदम गप्प झाले. तडा गेला तर तिथेच कळतो.

तीनशे रुपये मागितले. मी पाचशे दिले. वरचे दोनशे कमीच वाटले मला. त्यांचं नाव विचारून वहीत लिहिलंय. शर्वरी, तुझ्या जुन्या पात्यांवर ज्यांची नावं नाहीत ती आता मिळणार नाहीत, पण नव्यांची तरी लिहून ठेवूया.

घणघणाट
राधिकाताई, सावलीत नेलं हे वाचून फार बरं वाटलं. पोलाद साधारण ७७० अंशांना चुंबकाला चिकटायचं थांबतं, त्याच्या थोडं वर पाणी द्यायचं असतं. त्यांच्याकडे तापमापक नाही, डोळा आहे, आणि डोळ्याला सावली लागते.

अमेय_ठाणे
धारेवरून माझी हळहळ सांगतो. आईची सुरी, तीस वर्षांची, एका दुकानात धार लावायला दिली. त्याने विजेच्या चाकावर धरली, ठिणग्या उडाल्या, दोन मिनिटांत चकचकीत. घरी आणून पाहिलं तर धारेला निळी झाक. आता आठवडाभरात बोथट होते. हे सुधारतं का?

घणघणाट
निळा रंग म्हणजे धार ३०० अंशांच्या आसपास तापली, तेवढ्या भागाचं पाणी उतरलं. वरचं पोलाद शाबूत असतं. पाण्याच्या दगडावर हाताने निसत निसत निळा भाग संपेपर्यंत जा, एक-दीड मिलिमीटर गेलं की मूळ धार परत मिळेल. घाई नको, रोज दहा मिनिटं. तुमच्या आईची सुरी तुमच्याच हाताने बरी होऊ दे.

सायली_वसई
थोडं विषयांतर. नागपंचमीला तुमच्याकडे विळी वापरतात का? आमच्या आजोळी त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, तवाही ठेवायचा नाही. सगळं उकडलेलं. पुरणाची दिंडं त्यामुळेच ठरलेली.

मंदाकिनी७२
आमच्याकडेही तसंच. आणि खंडेनवमीला विळी, सुरी, अडकित्ता, कोयता सगळं धुऊन-पुसून पाटावर मांडतो, हळदकुंकू, झेंडूचं फूल. विळीला वर्षातून दोन दिवस रजा असते, एकदा नागासाठी आणि एकदा तिच्या स्वतःसाठी. आमच्या घरी सबंध कोहळ्यावर पहिला घाव बाईने घालायचा नाही अशीही रीत होती. यजमान गेल्यावर मीच घालते. कोहळ्याने काही तक्रार केलेली नाही.

राधिका_नगर
ताई, हे लिहिलंत ते फार आवडलं.

नचिकेत_कोलकाता
इतकी पाती घरात ठेवली तर कायद्याची अडचण येते का? मागे कोणीतरी घाबरवलं होतं.

पेठेतला_वासू
शस्त्र कायद्याच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांचा उल्लेख आहे, पण घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि कारखान्याच्या कामासाठीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. विळी, फणस कापायचा कोयता, सुरी घरात असायला हरकत नाही. विमानप्रवासात मात्र नेहमी चेक-इन सामानात, आणि पात्याला जाड पुठ्ठा बांधून. सामान तपासणाऱ्याच्याही हाताची काळजी आपणच घ्यायची.

कृष्णधवल
फोटोचा मूळ प्रश्न मागेच राहिला. मी दागिने आणि भांड्यांची छायाचित्रं काढतो, तेव्हा हक्काने लिहितो.

चकचकीत पातं म्हणजे आरसा. आरशाचा फोटो निघत नाही, आरशात जे दिसतं त्याचा निघतो. तेव्हा पात्याला काय दाखवायचं ते तुम्ही ठरवा. खिडकीवर बटर पेपर किंवा पांढरी मलमल ताणून लावा, खोलीतले दिवे-पंखा बंद. पातं अशा कोनात ठेवा की त्यात तो पांढरा कागदच दिसेल. मग धारेच्या बाजूला काळ्या पुठ्ठ्याची एक पट्टी धरा. त्या काळ्याची सावली पात्यात उतरली की कड उठून दिसते, नाहीतर पातं कागदासारखं सपाट येतं. पोलरायझर फिल्टर घ्यायचा विचार असेल तर पैसे वाचवा. तो काचेवरचं, पाण्यावरचं प्रतिबिंब कमी करतो, उघड्या धातूवर त्याचा जवळजवळ काही उपयोग होत नाही.

मोबाईल असेल तर जवळ जाऊ नका, रुंद भिंगाने खवणीचं तोंड भोपळ्याएवढं दिसतं. तीन-चार पावलं मागे या आणि दुप्पट झूम करा. पार्श्वभूमीला काळी घोंगडी उत्तम, तिच्यावर उजेड चमकत नाही. शेजारी मोजपट्टी ठेवून एक फोटो नोंदीसाठी वेगळा काढा.

आणि लाकडासाठी याच्या अगदी उलटं करा. मऊ उजेड नको. संध्याकाळी खोलीत अंधार करा, एकच टॉर्च पाटाच्या कडेला अगदी खाली, आडवा धरा. उजेड पाटावरून घसरत गेला पाहिजे. खाच, घाव, झिजेचा प्रत्येक उंचसखलपणा सावली टाकेल. डोळ्याला जे कधी दिसलं नाही तेही फोटोत येतं.

शर्वरी_वाई
कृष्णधवल, तुमचा प्रतिसाद छापून भिंतीला लावलाय. शनिवारी करून बघते आणि कळवते.

तात्या_मिरजकर
आम्ही इथेच बसलोय, सुपारी कातरत.

शर्वरी_वाई
फोटो काढले. आधी काकांनी सांगितल्याप्रमाणे रॉकेल लावून लाल गंज काढला, काळा थर तसाच ठेवला. पात्याचे फोटो बटर पेपरवाल्या खिडकीत काढले. पहिल्यांदाच पात्यात पंखा नाही. धारेवर नारळाच्या करवंटीने पडलेले दोन बारीक दातरे स्पष्ट आलेत.

पण सांगायचं वेगळंच आहे. रात्री टॉर्च आडवा धरून पाटाचा फोटो काढला. उजव्या अंगाला पावलाचा खोलगटपणा आहे तो माहीत होता. फोटोत डाव्या अंगालाही एक दिसला. उथळ, लहान, दिवसा हात फिरवूनही जाणवला नव्हता. टाच कुठे टेकायची तेही कळतं इतका स्पष्ट. मी तो फोटो आत्याला पाठवला. तिचा लगेच फोन आला. थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "ते आईचं पाऊल. ती डावरी होती. बाहेर सगळ्यांसमोर उजव्या हाताने वाढायची, विळीवर मात्र डावा पाय टेकून बसायची. तिथे कोणी बोलत नसे."

माझी आजी मी जन्मायच्या आधीच गेली. ती डावखुरी होती हे मला काल कळलं.

डावखुरी
शर्वरी, तो फोटो मला पाठवशील का?

शर्वरी_वाई
पाठवला. आणि 'रंधा आणि पटाशी', पात्याच्या भोकाजवळ दोन इंच लाकूड कुजलंय. तेवढंच ठिगळ लावून हवं, दोन्ही पावलांना धक्का न लागता. पुढच्या महिन्यात सावंतवाडीला घेऊन येऊ का?

रंधा_आणि_पटाशी
या. जुन्या सागाचा एक तुकडा राखून ठेवतो.